कँटरबरीची शाळा आणि प्रुडेन्स क्रॅन्डल

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात कँटरबरी नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या मध्यावर, दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेथे, एक जुने दुमजली घर उभे आहे. आज ते सरकारी संग्रहालय आहे आणि लोकांना आत जाऊन ते पाहता येते. ही एका मुलींच्या शाळेची इमारत. या इमारतीत कृष्णवर्णीय मुलींसाठी चालवलेली शाळा जेमतेम दीड वर्ष टिकली. पण तेवढ्या काळात ती बंद पाडण्यासाठी एक अख्खे गाव, एका राज्याचे विधिमंडळ आणि न्यायालय असे सगळे कामाला लागले होते. ज्या राज्याने या शाळेविरुद्ध कायदा केला, त्याच राज्याने पुढे ही इमारत विकत घेऊन जपली. म्हणून ही शाळा चालवणाऱ्या प्रुडेन्स क्रॅन्डल यांचे चरित्र आणि त्यांच्या विद्यार्थिनींची हकिगत आपल्या चळवळीतील वाचकांनी समजून घेतली पाहिजे.

प्रुडेन्स क्रॅन्डल यांचा जन्म ३ सप्टेंबर १८०३ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील हॉपकिंटन येथे झाला. आईवडील क्वेकर पंथाचे. माणसा-माणसांत देवाने उच्चनीच केलेले नाही, स्त्रीलाही धर्मसभेत बोलण्याचा अधिकार आहे, असे मानणारा हा ख्रिस्ती पंथ. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेत आधी ज्यांनी आवाज उठवला त्यांत क्वेकर होते. प्रुडेन्स लहान असतानाच कुटुंब कँटरबरीला शेतीवर राहायला आले. मुलींना शिकवायचे कशाला, असे बहुतेक घरांत विचारले जात होते त्या काळात या शेतकऱ्याने आपल्या मुलीला प्रॉव्हिडन्सच्या क्वेकर निवासी शाळेत पाठवले. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि शेजारच्या प्लेनफील्ड गावात शिकवू लागल्या.

१८३१ साली कँटरबरीच्या प्रतिष्ठित मंडळींनी त्यांना बोलावून घेतले. आपल्या मुलींसाठी गावातच चांगली शाळा असावी अशी त्यांची इच्छा होती. प्रुडेन्स आणि त्यांची धाकटी बहीण अल्मायरा यांनी गावच्या चौकातले हे मोठे घर कर्ज काढून घेतले आणि शाळा सुरू केली. वाचन, लेखन, गणित आणि व्याकरणाबरोबर भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र आणि खगोलशास्त्रही तेथे शिकवले जाई. शाळेचे नाव झाले. गावाला बाईंचा अभिमान वाटू लागला. हा अभिमान एक वर्षभर टिकला.

१८३२ च्या शरद ऋतूत सारा हॅरिस नावाची वीस वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी प्रुडेन्स यांच्याकडे आली. सारा यांचे वडील गुलाम नव्हते, स्वतंत्र शेतकरी होते. सारा यांना आणखी शिकायचे होते. शिकून आपल्या समाजाच्या मुलांना शिकवायचे होते. आपल्याला शाळेत घ्याल का, एवढेच त्यांनी विचारले. आपल्यामुळे बाईंच्या शाळेला त्रास होणार असेल तर आपला आग्रह नाही, असेही सांगितले. न मागितलेला त्रास दुसऱ्याला होऊ नये याची काळजी अशी नेहमी दबलेल्यालाच घ्यावी लागते.

येथे आणखी एका स्त्रीचा उल्लेख केला पाहिजे. शाळेत घरकामाला असलेल्या मरिया डेव्हिस यासुद्धा कृष्णवर्णीय होत्या. सारा यांच्या भावाशी त्यांचे लग्न ठरले होते. विल्यम लॉइड गॅरिसन बोस्टनमधून ‘लिबरेटर’ नावाचे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक काढत. मरिया ते वाचत आणि त्यांनीच ते प्रुडेन्स यांच्या हाती दिले. म्हणजे प्रुडेन्स यांचे डोळे उघडले ते घरकाम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने दिलेल्या वर्तमानपत्रामुळे. गोऱ्या बाईने काळ्या मुलींवर उपकार केले, अशा थाटात ही कहाणी पुष्कळदा सांगितली जाते. ते खरे नाही. मागणी सारा यांची होती आणि विचार मरिया यांनी पोचवला. प्रुडेन्स यांचे मोठेपण हे की, दार ठोठावले गेले तेव्हा त्यांनी ते उघडले आणि उघडल्यावर पुन्हा लावले नाही.

सारा वर्गात बसू लागल्या आणि गावात खळबळ उडाली. सारा ही काही गावाला परकी मुलगी नव्हती. लहानपणी ती याच परिसरातल्या शाळेत गोऱ्या मुलांबरोबर शिकली होती. मग आता बिघडले कुठे? साधे वाचणे-लिहिणे काळ्या मुलीने शिकावे, याला हरकत नव्हती. वकील-व्यापाऱ्यांच्या मुली जे शिकतात तेच तिने शिकावे, त्यांच्या बाकावर बसावे आणि उद्या शिक्षिका व्हावे, याला हरकत होती. साराला काढा, नाहीतर आमच्या मुली काढून नेऊ, असा निरोप पालकांकडून आला. प्रुडेन्स यांनी नकार दिला. गोऱ्या मुली एकामागून एक निघून गेल्या. शाळेवर कर्ज, वर्ग रिकामा.

दुसरे कोणी असते तर माफी मागून मोकळे झाले असते. प्रुडेन्स यांनी उलटा निर्णय घेतला. गोऱ्यांना ही शाळा नको असेल तर ती कृष्णवर्णीय मुलींसाठीच चालवायची. १८३३ च्या जानेवारीत त्या बोस्टनला जाऊन गॅरिसन यांना भेटल्या. २ मार्चच्या ‘लिबरेटर’मध्ये नव्या शाळेची जाहिरात आली. अभ्यासक्रम गोऱ्या मुलींना होता तोच, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र, फ्रेंच आणि पियानोसह. फी तिमाहीला २५ डॉलर. काळ्या मुलींना शिवणकाम आणि प्रार्थना शिकवली की पुरे, असा उदारपणा दाखवणारे पुष्कळ होते. प्रुडेन्स यांनी अभ्यासक्रमातला एक विषयही कमी केला नाही. १ एप्रिल १८३३ रोजी शाळा उघडली. प्रॉव्हिडन्स, बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतून मुली आल्या आणि त्यांची संख्या वीसच्या वर गेली.

विरोधाचा पुढारी होता अँड्र्यू जडसन. हा वकील आणि राजकारणी. त्याचे घर शाळेच्या शेजारीच. सगळ्या स्वतंत्र काळ्या लोकांना आफ्रिकेत परत पाठवावे, असे मानणाऱ्या कॉलोनायझेशन सोसायटीचा तो समर्थक होता. शाळा उघडण्यापूर्वीच, ९ मार्च १८३३ रोजी, गावसभा भरवून शाळेविरुद्ध ठराव करण्यात आले. स्त्री म्हणून प्रुडेन्स यांना त्या सभेत बोलण्याची सोय नव्हती. त्यांच्या वतीने धर्मोपदेशक सॅम्युएल मे आणि क्वेकर कार्यकर्ते अर्नोल्ड बफम गेले. त्यांना बोलू दिले गेले नाही. जिच्यावर आरोप तिला प्रवेश नाही आणि तिच्या प्रतिनिधींना तोंड उघडू द्यायचे नाही. आपल्या खेड्यांतल्या जातपंचायतींची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला मराठीत एकच शब्द आहे : बहिष्कार. दुकानदारांनी शाळेला माल देणे बंद केले. डॉक्टरांनी मुलींना तपासायला नकार दिला. चर्चची दारे बंद झाली. मुली फिरायला बाहेर पडल्या की त्यांच्यामागे शिट्ट्या, शिव्या, दगड, चिखल आणि अंडी. आणि शाळेच्या विहिरीत जनावरांचे शेण टाकण्यात आले. शेजारी कोणी घागरभर पाणी देईना. प्रुडेन्स यांचे वडील आपल्या शेतावरून पाणी आणून देऊ लागले, तेव्हा त्यांनाही धमक्या आल्या. विद्येची वाट अडवायची असेल तर आधी पाणी तोडायचे, ही युक्ती वर्चस्ववाद्यांना कोणी शिकवावी लागत नाही. महाडचे पाणी आपण विसरलेलो नाही.

बहिष्काराने मुली हलत नाहीत असे दिसल्यावर कायदा बाहेर काढण्यात आला. बाहेरून आलेल्या उपऱ्यांना गावातून हुसकावून लावण्याचा एक जुना कायदा होता. दंड भरायचा, गाव सोडायचे, नाहीतर उघड्या अंगावर फटके. प्रॉव्हिडन्सहून आलेल्या अ‍ॅन एलायझा हॅमंड या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीवर तो बजावण्यात आला. मे यांनी जामिनाची व्यवस्था केली. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ही मुलगी घाबरून घरी परत गेली नाही. वेळ आलीच तर फटके सोसण्याची तिने तयारी ठेवली. गावाला तो कायदा शेवटपर्यंत रेटता आला नाही.

मग जडसन आणि मंडळींनी नवा कायदाच करून घेतला. २४ मे १८३३ रोजी कनेटिकटच्या विधिमंडळाने ठरवले की, राज्याबाहेरच्या कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी कोणत्याही गावात त्या गावाच्या लेखी परवानगीशिवाय शाळा काढता येणार नाही. इतिहासात हा ‘काळा कायदा’ म्हणून ओळखला जातो. कायदा झाल्याची बातमी आली तेव्हा कँटरबरीत घंटा वाजवल्या गेल्या, तोफेचे बार काढले गेले. वीस-पंचवीस मुलींची एक शाळा आणि तिच्याविरुद्ध तोफांचा आनंदोत्सव! हे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांच्या मुलखात घडत नव्हते. गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा ज्या राज्याने १७८४ सालीच केला होता, त्या सुधारलेल्या म्हणवणाऱ्या उत्तरेतल्या राज्यात घडत होते. माणसाला गुलाम ठेवू नये इथपर्यंत येणे त्यांना जमले होते. त्याला बरोबरीने बसवणे जमत नव्हते.

प्रुडेन्स यांनी शाळा चालूच ठेवली. २७ जून १८३३ रोजी त्यांना अटक झाली. जामीन भरायला मित्र तयार होते, पण प्रुडेन्स यांच्याशी ठरवूनच त्यांनी तो लगेच भरला नाही. मुलींना शिकवल्याबद्दल एका शिक्षिकेला तुरुंगात टाकणारे हे राज्य आहे, हे जगाला दिसू द्यावे, हा हेतू. एक रात्र त्या ब्रुकलिन गावच्या तुरुंगात राहिल्या. न्यूयॉर्कचे व्यापारी आर्थर टॅपन यांनी खटल्याचा खर्च उचलला आणि शाळेची बाजू मांडणारे एक वर्तमानपत्रही सुरू करून दिले. आपले वर्तमानपत्र नसेल तर आपली बाजू कोणीही छापत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ऑगस्ट १८३३ मध्ये पहिला खटला उभा राहिला. ज्युरीचे एकमत झाले नाही. ऑक्टोबरमध्ये दुसरा खटला न्यायाधीश डेव्हिड डॅगेट यांच्यापुढे चालला. दोन वर्षांपूर्वी न्यू हेवन शहरात कृष्णवर्णीयांसाठी महाविद्यालय काढण्याची योजना उधळून लावणाऱ्यांत हेच गृहस्थ होते. प्रुडेन्स यांच्या वकिलांचा मुद्दा सरळ होता. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस हा नागरिक आहे आणि एका राज्यातल्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात जाऊन शिकण्याचा हक्क आहे. डॅगेट यांनी ज्युरीला सांगितले की, राज्यघटनेच्या अर्थाने कृष्णवर्णीय हे नागरिकच नाहीत. प्रुडेन्स दोषी ठरल्या. जुलै १८३४ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल रद्द केला, पण आरोपपत्रातल्या एका तांत्रिक त्रुटीचे कारण देऊन. नागरिकत्वाचा मूळ प्रश्न न्यायाधीशांनी टाळला. टाळलेला प्रश्न संपत नाही. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले, तेव्हा सरन्यायाधीश टॅनी यांनी कनेटिकटच्या या कायद्याचा आणि या खटल्याचा दाखला दिला. एका खेड्यातल्या मुलींच्या शाळेविरुद्ध रचलेला युक्तिवाद असा लाखो लोकांच्या गळ्याला फास झाला.

कोर्टात हरल्यावर जमाव रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी जानेवारीत इमारतीला आग लावण्याचा प्रयत्न झाला होता. ९ सप्टेंबर १८३४ च्या मध्यरात्री लोक लाठ्या आणि लोखंडी पहारी घेऊन आले. खिडक्यांच्या काचा फोडल्या, तळमजल्यावर नासधूस केली. वरच्या मजल्यावर मुली झोपलेल्या होत्या. आता त्यांच्या जिवाला धोका आहे हे पाहून दुसऱ्या दिवशी शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. प्रुडेन्स तोपर्यंत कायद्यापुढे, बहिष्कारापुढे, तुरुंगापुढे वाकल्या नव्हत्या. मुलींचे प्राण पणाला लावायला मात्र त्या तयार नव्हत्या.

शाळा बंद होण्याच्या थोडे आधी त्यांनी कॅल्विन फिलेओ या धर्मोपदेशकाशी लग्न केले होते. ते सुखाचे झाले नाही. धाकटा भाऊ रूबेन डॉक्टर होता. गुलामगिरीविरोधी कागदपत्रे जवळ सापडली म्हणून त्याला १८३५ मध्ये वॉशिंग्टनला अटक झाली. तो निर्दोष सुटला, पण तुरुंगात जडलेल्या क्षयाने १८३८ साली गेला. त्याच्या आदल्या वर्षी बहीण अल्मायरा गेली होती. प्रुडेन्स पुढे इलिनॉय राज्यात शेतावर राहिल्या. तेथेही त्यांनी मुलांना शिकवले आणि स्त्रियांच्या हक्कांची बाजू धरली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्या भावाबरोबर कॅन्सस राज्यातल्या एल्क फॉल्स या गावी गेल्या.

काळा कायदा १८३८ साली रद्द झाला. पण कनेटिकटला प्रुडेन्स यांची आठवण व्हायला १८८६ उजाडावे लागले. कँटरबरीच्याच शंभरावर रहिवाशांनी अर्ज केला, लेखक मार्क ट्वेन यांनी पाठिंबा दिला आणि विधिमंडळाने त्यांना वर्षाला ४०० डॉलर पेन्शन मंजूर केले. ट्वेन त्यांचे जुने घर विकत घेऊन द्यायला तयार होते. प्रुडेन्स यांनी नम्रपणे नकार दिला. जानेवारी १८९० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्या एल्क फॉल्सला वारल्या.

आता प्रश्न असा की, ज्या मुलींना त्या रात्री घर सोडावे लागले, त्यांचे काय? पेन्शन शिक्षिकेला मिळाले आणि ते योग्यच होते. विद्यार्थिनींच्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही विधिमंडळाने केला नाही. तो त्यांनी स्वतःच भरून काढला. सारा हॅरिस यांनी जॉर्ज फेयरवेदर या लोहाराशी लग्न केले. आयुष्यभर त्या गुलामगिरीविरोधी कामात राहिल्या आणि आपल्या थोरल्या मुलीचे नाव त्यांनी प्रुडेन्स ठेवले. सारा यांची बहीण मेरी यांनी यादवी युद्धानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांना शिकवले. ज्युलिया विल्यम्स येथून न्यू हॅम्पशायरमधल्या नॉयेस अकादमीत शिकायला गेल्या. तेथे तर १८३५ साली जमावाने बैल जुंपून शाळेची इमारतच ओढून नेली. ज्युलिया यांनी तिसरी शाळा गाठली आणि पुढे जमैकात मुलींना शिकवले. एका शाळेच्या काचा फुटल्या, दुसरी जागेवरून ओढून नेली, तरी शिकणारी मुलगी थांबली नाही.

आणि जडसनचे काय झाले? तो संघराज्याचा न्यायाधीश झाला. ‘अ‍ॅमिस्टाड’ जहाजावर बंड करून सुटलेल्या आफ्रिकन लोकांचा गाजलेला खटला त्याच्यापुढे आला. जानेवारी १८४० मध्ये त्याने निकाल दिला की, हे लोक कोणाचे गुलाम नाहीत, त्यांना आफ्रिकेत परत पाठवावे. वरवर पाहता हा मोठा बदल वाटेल. पण नीट पाहिले तर माणूस तोच आहे. काळा माणूस समुद्रापलीकडे जाणार असेल तर तो स्वतंत्र असायला जडसनची हरकत नव्हती. तो शेजारच्या घरात वही घेऊन बसणार असेल तर त्याच्याविरुद्ध कायदा हवा होता. दूरच्या पीडितांसाठी गहिवरणारे आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलाला शाळेत वेगळे बसवणारे लोक आपणही पाहिले आहेत.

कनेटिकट राज्याने हे घर १९६९ साली विकत घेतले आणि १९८४ मध्ये संग्रहालय म्हणून खुले केले. १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये प्रुडेन्स यांना राज्याची वीरांगना म्हणून मान देण्यात आला. २००८ मध्ये हार्टफोर्डच्या विधिमंडळ इमारतीत त्यांचा पुतळा बसला. त्या पुतळ्यात बाई एकट्या नाहीत, त्यांच्याबरोबर एक विद्यार्थिनी आहे. ज्या विधिमंडळाने काळा कायदा केला, त्याच विधिमंडळाच्या छताखाली आज ती मुलगी उभी आहे. पुतळ्यासाठी पैसे जमवण्यात शाळकरी मुलांचा वाटा होता.

आपल्या इतिहासाशी या गोष्टीचा धागा जुळतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तेव्हा प्रुडेन्स सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या आणि इलिनॉयमध्ये शेतावर राहत होत्या. ती अर्पणपत्रिका ज्यांच्यासाठी होती त्यांत त्या बसत होत्या, हे त्यांना कधी कळले नसेल. कँटरबरीची शाळा फोडली गेली त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४८ साली, पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. तेथेही विरोध झाला, तेथेही शेणमातीचे गोळे अंगावर झेलावे लागले.

कँटरबरीचे घर उभे आहे. भिडे वाडा वर्षानुवर्षे पडझडीत आणि कोर्टकचेरीत अडकला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे शासनाने ठरवले आहे. स्मारक व्हावे आणि चांगले व्हावे. पण सावित्रीबाई ज्या भिंतींत उभ्या राहून शिकवत होत्या त्या भिंती आता कोणालाही दाखवता येणार नाहीत. जे गेले ते गेले. आता नव्या इमारतीत काय मांडले जाणार, यावर चळवळीने लक्ष ठेवले पाहिजे. तेथे फक्त सावित्रीबाईंचा हार घातलेला पुतळा आणि मान्यवरांच्या नावांची कोनशिला असेल तर ते स्मारक अपुरे ठरेल. शाळेला विरोध कोणी केला, का केला, कोणत्या धर्माज्ञेचा आधार घेऊन केला, हेही तेथे लिहिलेले असले पाहिजे. फातिमा शेख यांचे नाव तेथे असले पाहिजे. त्या शाळांत आलेल्या मुली कोण होत्या, त्यांच्या आईबापांनी कोणाचा रोष पत्करून त्यांना पाठवले, हेही असले पाहिजे.

कारण शाळा एकट्या शिक्षिकेने उभी राहत नाही. दार उघडणारी एक लागते आणि दार ठोठावणारीही लागते. कनेटिकटमध्ये दार ठोठावणारी सारा हॅरिस होती. आपल्या वस्त्यांत, पाड्यांवर, आश्रमशाळांत आजही अशा सारा आहेत. कोणाची शिष्यवृत्ती अडली आहे, कोणाला वसतिगृह मिळालेले नाही, कोणाचे लग्न सोळाव्या वर्षी ठरते आहे. जुन्या शाळांची स्मारके अवश्य बांधू या. त्याबरोबर आपल्या वस्तीतली कोणती मुलगी यंदा शाळेतून गळाली, याची चौकशी प्रत्येक विहारातून, प्रत्येक शाखेतून झाली पाहिजे. प्रुडेन्स क्रॅन्डल यांना तेच अभिवादन शोभेल.